एकशे पाचची लेन्स आणि डावा कोपरा

पार्वतीबाईंच्या जांभळ्या साडीला जे भोक पडलं, ते मी पाडलं. आधीच कबूल केलेलं बरं. कारण ताडकळसमध्ये ही बातमी माझ्याआधी घरोघर पोचली आहे आणि जाता जाता तिच्यात मी साडी पेटवली, कुरडया जाळल्या आणि घाबरून गच्चीवरून उडी मारली, एवढी भर पडली आहे. उडी मी मारली नाही. बाकीचं थोडंफार खरं आहे.

झालं ते असं. दिनकररावांनी माझ्या हातात एक लेन्स दिली. कॅमेऱ्याची नव्हे, एन्लार्जरची. म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राची. लेन्सच्या आत, कडेकडेनं, बुरशीचे पांढरे धागे पसरले होते.

"हिला तासभर ऊन दाखवा," दिनकरराव म्हणाले. "दोन्ही अंगानं लागू द्या. आन् मास्तर, हातात धरून बसा. कुठं ठेवू नका."

पहिली दहा मिनिटं मी अगदी शहाण्यासारखा गच्चीवर लेन्स धरून बसलो. एप्रिलचं ऊन, डोक्याला टोपी नाही आणि खालून चहाचा वास. तेव्हा माझ्यातला शिक्षक जागा झाला. कठड्यावर लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी होती. तिच्या तोंडावर लेन्स अशी नेमकी बसली, की जणू कुणी माप घेऊनच बरणी केली असावी. वरून ऊन, खालून काच. दोन्ही अंगं मोकळी. बरणी सपाट जागी हवी म्हणून मी ती कुरडयांवर झाकलेल्या साडीच्या, बाजूला सपाट पसरलेल्या पदरावर ठेवली आणि चहाला खाली गेलो. भिंगाखाली कागद जळतो हा प्रयोग मी सातवीच्या वर्गाला बत्तीस वर्षं करून दाखवला आहे.

चहा अर्धा झाला असेल नसेल, वरून पार्वतीबाईंचा आवाज आला, "अवो, ह्यो धूर कशाचा निघायलाय?"

वर जाऊन पाहतो तो पदराला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक आणि त्याच्याभोवती तपकिरी कड. पार्वतीबाई म्हणजे दिनकररावांच्या पत्नी. एरवी मला दुसरा चहा विचारल्याशिवाय उठू न देणारी बाई. त्या म्हणाल्या, "भावजी, लेकीनं दिवाळीला दिलेली साडी हाय ही. वल्ल्या कुरडयावर झाकली ती माझीच चूक."

माझीच चूक, हे शब्द त्यांनी अशा आवाजात उच्चारले की मला कठड्यापलीकडची उंची मोजावीशी वाटली. उडीची बातमी तिथूनच निघाली असणार.

दिनकरराव आले. त्यांनी आधी लेन्स उचलली, आभाळाकडे धरून पाहिली, खिशात घातली. मग खाली बसले, दुसऱ्या खिशातून भिंग काढलं आणि साडीचं भोक बारकाईनं तपासलं.

"अगं, बघ तरी," ते बायकोला म्हणाले. "केवढं बारीक भोक पाडलंय. सूर्य एका टिपक्यात गोळा केलाय हिनं. लेन्स एक नंबर हाय."

"मग काय करू?" पार्वतीबाई म्हणाल्या. "देव्हाऱ्यात ठेवू का भोक?"

आता ही लेन्स कुठून आली, आणि तिच्यासाठी एका सत्तर वर्षांच्या माणसाचा जीव एवढा का टांगणीला लागला होता, ते सांगायला हवं.

दिनकररावांचा स्टुडिओ बाजारपट्टीत आहे. बाहेरच्या खोलीत आता सगळं नव्या काळाचं. पासपोर्ट फोटो दोन मिनिटांत निघतात, आधार कार्डाला प्लास्टिक चढतं, आठवडी बाजाराच्या दिवशी तर लोक मोबाईल चार्ज करायलाही तिथेच लावून जातात. या खोलीतले दिनकरराव म्हणजे पेंगुळलेले दुकानदार. गिऱ्हाईकाला "हसा" असंसुद्धा म्हणत नाहीत. पण मागचा काळा पडदा सारून ते आतल्या खोलीत गेले, लाल दिवा लावला, की त्यांची मान सरळ होते. तिथे त्यांचा एन्लार्जर उभा आहे. तिथल्या फोटो धुवायच्या पाण्यानं त्यांची नखं कायमची तपकिरी झालेली आहेत. बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ रोज रात्री मेंदी लावतो आणि सकाळी लाजून पुसतो.

रस्त्यात भेटलेला माणूस त्यांना पटकन ओळखू येत नाही. एकदा सख्खे व्याही दुकानात आले तर त्यांना "किती कॉप्या?" असं विचारून बसले. पण निगेटिव्ह उजेडाला धरली, की जिच्यात सगळ्यांची तोंडं काळी आणि केस पांढरे, त्या उलट्या दुनियेत त्यांना अख्खा गाव ओळखू येतो. "ह्यो गिरणीवाल्याचा थोरला. ही त्याची आत्या, तिचा डावा डोळा बारीक हाय." घड्याळ ते वापरत नाहीत. कागदावर उजेड किती सेकंद टाकायचा ते तोंडानं मोजतात: एक पिंगळी, दोन पिंगळी, तीन पिंगळी. पिंगळी ही त्यांची सासुरवाडी. "म्हनायला बरोब्बर एक सेकंद लागतोय," असं कारण ते सांगतात. पार्वतीबाई लाजून दुसरं कारण सांगतात.

आमच्या शाळेला यंदा पन्नास वर्षं झाली. शाळेच्या दहाव्या वर्षी, शहाऐंशी साली, एक मोठा ग्रुप फोटो निघाला होता. मी शाळेत लागलो त्यानंतर तीन वर्षांनी, त्यामुळे त्यात मी नाही. एवढी तरी एक गोष्ट माझ्या हातून बिघडलेली नाही. फोटोत मधोमध खुर्चीवर तेव्हाचे सरपंच माधवराव, शेजारी हेडमास्तर, दोन्ही बाजूंना शिक्षक, मागे बाकांवर चढवलेल्या मुलांच्या रांगा. आणि अगदी डाव्या टोकाला, रांग संपून जरा पुढे, बायनाबाई.

बायनाबाई शाळेत पाणी भरायच्या. घंटा द्यायच्या, झाडलोट करायच्या, अंगात ताप भरलेलं पोर खांद्यावर टाकून त्याच्या घरी पोचवायच्या. पटावर त्यांचं नाव दहा वर्षं नव्हतं, पण त्या एक दिवस आल्या नाहीत तर शाळा भरायची नाही.

तो फोटो काढला दिनकररावांनी. तेव्हा ते तिशीतले, धंद्यात नवे. एवढी माणसं त्यांच्या कॅमेऱ्याच्या चौकोनी निगेटिव्हमध्ये मावेनात, म्हणून परभणीच्या रंगनाथ फोटोवाल्यांकडून त्यांनी एक घडीचा कॅमेरा मागून आणला. त्याची निगेटिव्ह चांगली खेळायच्या पत्त्याएवढी लांब. फोटो उत्तम निघाला. घोटाळा झाला तो छापताना. दिनकररावांच्या एन्लार्जरला लेन्स होती पंचाहत्तर मिलिमीटरची, म्हणजे चौकोनी निगेटिव्हपुरती. लांब निगेटिव्हला ती लावणं म्हणजे उंच माणसानं आखूड गोधडी पांघरणं. पोट झाकतं, पाय उघडे पडतात. माधवराव मधोमध असे आले की मिशीचा केस न् केस मोजावा. आणि चारी कोपरे काळवंडून विरघळून गेले. उजव्या कोपऱ्यात लिंबाचं झाड होतं, त्याची तक्रार नव्हती. डाव्या कोपऱ्यात बायनाबाई होत्या.

तो फोटो हेडमास्तरांच्या खोलीत चाळीस वर्षं टांगलेला आहे. आणि चाळीस वर्षं, बाजारात, एसटीत, कुणाच्या लग्नात, जिथे गाठ पडेल तिथे बायनाबाई एकच वाक्य बोलत आल्या.

"दिनकर, माझ्या तोंडाचं पार पिठलं केलास रं."

"अक्का, निगेटिव्हमदी तू खणखणीत हायस."

"मग मी काय निगेटिव्हला भेटाया जाऊ?"

यावर दिनकरराव मान खाली घालून चालायला लागायचे. गावाला ही गंमत वाटायची. मलाही वाटायची.

यंदा शाळेत नवा हॉल झाला आणि त्यात हा फोटो मोठा करून लावायचं ठरलं. ठरवलं आदिनाथनं. आदिनाथ म्हणजे माधवरावांचा मुलगा, शाळा समितीचा अध्यक्ष, माझा एकेकाळचा विद्यार्थी. माणूस वाईट नाही. फक्त घाई फार. त्यानं हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन जुन्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढला आणि चेहरे साफ करणाऱ्या कुठल्याशा ॲपमध्ये घातला. ॲपनं सगळ्यांना साफ केलं. हेडमास्तरांना न्हाऊमाखू घातलं. आणि डाव्या कोपऱ्यात जिथे नुसता धुरकट डाग होता, तिथे ॲपनं आपल्या मनानं एक बाई बसवली. गोरीपान, तिशीची, कानात झुबे, ओठावर मंद हसू.

बायनाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच थंडीत झालेलं. त्यांनी मोबाईल नाकाशी धरून पाहिला.

"ही कोण रं भवानी?" त्या म्हणाल्या. "हिला शाळंत पाणी भराया कवा ठिवली व्हती?"

"मावशी, ती तूच आहेस," आदिनाथ म्हणाला.

"येवढं पाणी भरून असं गोरं ऱ्हातंय व्हय माणूस?" मग त्या दिनकररावांकडे वळल्या. "दिनकर, माझ्या डोळ्यात नवी लेन्स बसली. तुझ्या मिशनीत कवा बसायची? मी अठ्ठ्याहत्तरची हाय. डोळं हायत तवर दाखीव म्हनलं."

दिनकरराव त्या दिवशी मान खाली घालून गेले नाहीत. म्हणाले, "निगेटिव्हवरून काढतो. माझ्या हातानं." आदिनाथ म्हणाला, निगेटिव्ह द्या, नांदेडहून स्कॅन करून आणतो. दिनकरराव म्हणाले, "निगेटिव्ह घराबाहेर जाणार न्हाई," आणि विषय संपला. अडचण दुसरीच होती. वीस बाय चोवीस इंची कागद त्यांच्या दिवाणात तीन उरले होते, तेही मुदत संपून वर्षं लोटलेले. नवे मागवले तर पन्नाशीच्या समारंभाच्या आत येण्याची खात्री नाही. म्हणजे तीन कागद, एक म्हातारी, आणि लेन्स नाही.

लेन्स कुणाकडे आहे ते दिनकररावांना चांगलं ठाऊक होतं. चाळीस वर्षं ठाऊक होतं.

एका सकाळी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी परभणीला नेलं. रंगनाथांच्या स्टुडिओच्या जागी आता त्यांच्या मुलाचं मोबाईलचं दुकान आहे. मागच्या खोलीत रंगनाथ बसले होते. ऐंशीच्या घरातले, कानात यंत्र, जीभ शाबूत.

"चाळीस वर्षं लागली व्हय रे तुला इथवर यायला?"

"रस्ता खराब व्हता," दिनकरराव म्हणाले.

रंगनाथ हसले आणि कपाटातून दोन लेन्सा काढल्या. दोन्ही एकशे पाचच्या, म्हणजे पत्त्याएवढ्या निगेटिव्हच्या मापाच्या. एक नव्या नवरीसारखी लखलखीत. दुसरीत ती बुरशी. मी लगेच पहिलीकडे बोट दाखवलं. दोघांनीही माझ्याकडे, वर्गात उगाच हात वर करणाऱ्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं.

दिनकररावांनी लखलखीत लेन्स छतातल्या बल्बखाली तिरपी धरली. म्हणाले, "मास्तर, आत बल्बाची पिल्लं दिसायलीत का? मोजा." लेन्सच्या पोटात बल्बाची एकामागे एक लहान लहान प्रतिबिंबं दिसत होती. मी मोजली, सहा. मग बुरशीवाली धरली. आठ, आणि नीट पाहिलं तर आणखी दोन, अगदी पुसट.

"जितकी पिल्लं जास्त, तितक्या आत काचा जास्त," ते म्हणाले. "पहिलीत तीन-चार काचा. बारका फोटो काढा, फसकलास. लय मोठा केला की कोपऱ्यात दम टाकती. ही दुसरी सा काचांची. ही कडंपातूर जाती."

"पण बुरशी?"

"बुरशी काढता येतीय. काच घालता येत न्हाई."

"शिकलास की," रंगनाथ म्हणाले. "विकायची न्हाई मला ती. ने, काम कर, आणून दे. आन् प्रिंटचा कोपरा मला दाखव. मधलं मी बघत न्हाई. मधलं काय, कुणाचंबी चांगलं येतंय."

परत येताना पिंगळी मागे पडली. मग माझ्या पाठीमागून, वाऱ्यात, त्यांचा आवाज आला. "तवाच मागितली असती तर तवाच दिली असती त्यानं. 'मोठी प्रिंट काढायला माझी लेन्स ने, न्हाईतर मीच काढून देतो,' असं म्हनला व्हता. मी म्हनलं, काय गरज न्हाई. खामखाचा ताठा."

स्कूटर चालवताना मागे वळून बघता येत नाही, हे त्या क्षणी बरं वाटलं.

त्यानंतर ऊन, बरणी आणि साडी. ते सांगून झालं. त्याच संध्याकाळी दिनकररावांनी कंपासपेटीतल्या डिव्हायडरची दोन टोकं लेन्सच्या कडीत रोवून ती उघडली आणि बुरशी पुसून काढली. कडेला केसाएवढा एक ओरखडा राहिला. "तेवढा चालतोय," म्हणाले. मला त्यांनी दोन हात लांब बसवलं होतं.

फोटो छापायचा दिवस उजाडला. म्हणजे दुपार. रात्री का नाही, तर रात्री दिवे सारखे लुकलुकतात. आणि दुपारीच का, तर शेजारी पिठाची गिरणी आहे. ती चालू असली की स्टुडिओची फरशी थरथरते. मोठा फोटो काढताना तेवढी थरथर म्हणजे भूकंप. गिरणीवाला दीड ते अडीच जेवून आडवा होतो. तेवढाच मुहूर्त.

एकशे पाचच्या लेन्सची एक खोड अशी, की चित्र मोठं हवं तर यंत्र कागदापासून फार उंच न्यावं लागतं. पंचाहत्तरची टेबलावर काम भागवते, ही टेबलात मावत नाही. म्हणून एन्लार्जरचं डोकं टेबलाच्या बाहेर फिरवून जमिनीवर रोखलं आणि यंत्र उलटू नये म्हणून बुडावर ज्वारीचं भरलेलं कट्टं ठेवलं. एवढे मोठे ट्रे नव्हते, तर शेतातल्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा पन्हळीसारखा ठेवला; कागद गुंडाळत-उलगडत त्यातून फिरवायचा. डेव्हलपर, म्हणजे ते फोटो धुवायचं पाणी, उन्हानं तापलेला. त्यात रसवंतीवरून आणलेला बर्फ, पिशवीत बांधून सोडला. मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "हात काखेत घाला. साडीवानी काय करू नका."

आधी त्यांनी लहान मापाच्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे चारी कोपऱ्यांत ठेवून दोन्ही लेन्सांची तुलना केली. पंचाहत्तरच्या तुकड्यात तो जुनाच धूर. एकशे पाचच्या तुकड्यात, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं तेव्हा एक बाईचा आकार. कडी फिरवून तोंड दोन आकड्यांनी मिटलं तेव्हा डोळे आणि नाक. "अजून मिटा ना," मी काखेतून म्हणालो. "लय मिटली की सगळंच मऊ पडतंय," ते म्हणाले. "आन् उजेड मिनिटभर टाकावा लागतोय. डोळा कुठवर बारीक करावा त्याला बी माप हाय." कडीवरच्या आठाच्या आकड्यावर थांबले.

पहिला कागद खाली टेकला. एक पिंगळी, दोन पिंगळी... एकोणतीस पिंगळीला गिरणी सुरू झाली. त्या दिवशी गिरणीवाल्याच्या घरी वरणभाताऐवजी पिठलं-भाकरी होती, त्यामुळे झोप आली नाही, असं नंतर कळलं. कागदावर अख्खी शाळा दोनदा आली, एक शाळा आणि एक तिचं भूत. दिनकररावांनी तो गुंडाळला, बाहेर गेले, गिरणीवाल्याशी दोन शब्द बोलले. गिरणी बंद झाली. ते दोन शब्द कुठले ते मी विचारलं नाही.

दुसरा कागद. चाळीस पिंगळी, सगळं शांत. पन्हळीतून कागद फिरायला लागला आणि लाल उजेडात माणसं वर यायला लागली. आधी केस, मग टोप्या, मग डोळे. डाव्या कोपऱ्यात एक बाई. मी काखेतले हात काढले. पण दिवा लावून पाहतो तर सगळा फोटो करडा. कागद म्हातारा झालेला. पांढरं पांढरं नाही, काळं काळं नाही, सगळ्या शाळेवर राख उडवल्यासारखी.

नेमका तेव्हाच आदिनाथ आला. त्यानं ओला फोटो पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. वडिलांना जाऊन चारच वर्षं झालीत त्याच्या.

"काका, दादा फिके दिसायलेत हो. जुन्या फोटोत कसे झळकत होते."

"कागद जुना हाय. बघतो."

"एकच कागद राहिलाय ना? मग जुनी लेन्स लावा. दादा चांगले आले पाहिजेत. कोपरे कापून टाकू."

दिनकरराव कागदाकडे बघत राहिले. "कापलं तर अक्का जाती."

"खाली तिचं नाव लिहू ना. पितळेची पाटी करू. कायमचं नाव राहील."

"नाव वाचाया तिला येत न्हाई."

आदिनाथनं हात जोडले. मग म्हणाला, "काका, मी अध्यक्ष म्हणून सांगत नाही. दादांचा मुलगा म्हणून सांगतो." आणि खरंच सांगत होता तो. मला त्याचीही दया आली. एकाच कागदावर दोघांचा हक्क, आणि मध्ये एक काचेची गोळी.

"तुमचे दादा मला द्या," दिनकरराव म्हणाले. "आनतो त्यांना बी. बाहेर बसा."

त्यांनी काळा पडदा ओढला. डेव्हलपरमध्ये बाटलीतली चिमूटभर पांढरी पूड टाकली. "ब्रोमाइड," म्हणाले, "राख वर येऊ देत न्हाई." टेबलावर दोन्ही लेन्सा होत्या. त्यांनी पंचाहत्तरची उचलली. मी स्टुलावरून अर्धा उठलो. त्यांनी ती शर्टाला पुसली, झाकण लावलं आणि खणात ठेवून दिली. मग तिसरा कागद जमिनीवर टेकवला. पंचेचाळीस पिंगळीपर्यंत मोजलं. मोजताना त्यांचा आवाज एकदाच हलला, तिसाच्या आसपास.

यावेळी राख आली नाही. पांढरं पांढरं, काळं काळं. माधवरावांच्या मिशा जुन्या फोटोइतक्याच ताठ. वर त्यांच्या कोटाचं एक बटण तुटलेलं होतं, ते चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं. आदिनाथनं फोटो पाहिला आणि खिशातून रुमाल काढला. "दादा लय भारी आलेत, काका," एवढंच म्हणाला. पुन्हा पुन्हा मधोमध बघत राहिला आणि तसाच निघून गेला. डाव्या कोपऱ्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई आल्या. पार्वतीबाईंनी त्यांना धरून आत आणलं. फोटो पाटावर उभा केलेला. दिनकरराव भिंतीला टेकून उभे, हात मागे, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

म्हातारी वाकली. नाक कागदाला लागेल एवढी वाकली. कोपऱ्यात एक तिशी ओलांडलेली काळीसावळी बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, पायाशी हंडा, मान जरा तिरपी, डोळे सरळ कॅमेऱ्यात. हसत नव्हती. 'आटपा लवकर, टाकी भरायची हाय' असा चेहरा.

बायनाबाईंचं बोट कागदाजवळ गेलं.

"दंडाला ठिगळ हाय चोळीच्या. ते बी दिसायलंय की रं."

दिनकररावांचा चेहरा पडला. चोख लेन्स काय काय दाखवील याचा हिशेब त्यांनी या बाजूनं केलाच नव्हता. ते पुढे झाले. "अक्का, बारीक कुंचल्यानं पुसतो. कुनाला कळणार न्हाई."

"कशाला पुसतूस?" म्हातारी म्हणाली. "माझंच हाय ते. मीच लावल्यालं." आणि परत वाकून बघायला लागली. कितीतरी वेळानं, कुणाला उद्देशून नाही, असं म्हणाली, "लय बारीक व्हते गं मी."

जाताना उंबऱ्यात थांबली. दिनकररावांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पार्वतीबाईंना म्हणाली, "चा टाक. बसते जरा."

त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्यावर दिनकरराव रंगनाथांची लेन्स मऊ फडक्यात गुंडाळायला बसले. मला राहवेना. मी म्हणालो, "दिनकरराव, आदिनाथनं तर कोपरा बघितलासुद्धा नाही. हॉलमध्येही कुणी बघणार नाही. कापला असता तर जुन्याच लेन्सवर मोकळे झाला असता. एवढा हट्ट कशापायी?"

त्यांनी फडक्याला गाठ मारली.

"तिला त्या कोपऱ्यात उभं मीच केलं व्हतं, मास्तर."